दिवा मापाखाली

मी रात्रपाळीचा माणूस. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला आहे. ठेकेदाराचा माणूस म्हणून आत गेलो, अजून ठेकेदाराचाच आहे. आठवीत शाळा सुटली. पुढचं जे काही वाचलं ते रद्दीच्या दुकानातून, विहारातल्या कपाटातून आणि वडापावच्या कागदावरून. म्हणजे मी कुणी पंडित नाही. तरी आज बायबलमधल्या उजेडावर लिहायला बसलोय. आपल्यातले काहीजण पहिल्याच ओळीला म्हणतील, हा कुठं चालला? मिशनऱ्यांच्या नादी लागला काय? दोस्तहो, नादीबिदी लागलेलो नाही. माझ्या हातून एक गुन्हा झालाय. त्याची ही जबानी आहे.

आधी आमच्या खात्यातलं सांगतो. जेट मशीनमधून लॉट निघाला की मास्तर कापडाचा तुकडा कापतो आणि पार्टीच्या नमुन्याला लावून बघतो. ह्याला शेड जुळवणं म्हणतात. ट्यूबलाइटखाली दोन्ही तुकडे सख्खे भाऊ दिसतात. तेच तुकडे पहाटे बाहेर नेले की एक तांबूस, एक हिरवट. म्हणून लॅबमध्ये वेगवेगळ्या दिव्यांची एक पेटी असते. एकेक दिवा लावून शेड तपासतात. पण आमचा म्हातारा मास्तर पेटीवर भरवसा ठेवत नाही. तो सहा वाजायची वाट बघतो. म्हणतो, "उजाडू दे. मग कळंल रातभर काय केलंय ते."

उजेड म्हणजे काय, ह्याचा माझा पहिला धडा हा. उजेड कापडाला रंग देत नाही. तुम्ही अंधारात काय केलंत तेवढं दाखवतो.

आमच्याच पाळीत फोल्डिंगला एक पोरगा आहे. घर नगरकडचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण त्याच्या घरात अजून नगरच म्हणतात. आज्यापासून ख्रिस्ती, मूळचे मांग. तो कविता लिहितो. माझ्यापेक्षा बरी लिहितो, हे आजवर मी कबूल केलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत, कल्याण पूर्वेला, जयंतीच्या मंचावर कवितावाचन ठेवलं होतं. मीच त्याला म्हणलं, नाव दे. त्यानं दिलं. त्याची कविता थुंकीवर होती. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं अडकवत, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. हे आपल्याला पाठ आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या, लाहोरला न झालेल्या त्या भाषणात ते लिहून ठेवलंय. ह्या पोराच्या कवितेत ते मडकं होतं. आणि मग येशू येत होता, जो स्वतःच्या थुंकीनं माती कालवतो आणि आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो. आंधळ्याला दिसायला लागतं. ज्या थुंकीनं रस्ता बाटत होता तीच इथं औषध.

मंचामागं मंडळाच्या एकानं कागद वाचला. म्हणाला, "भीमजयंतीला येशू कशाला? बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक आपण." दुसरा म्हणाला, "प्रचाराला आलाय." मग दोघं माझ्याकडं वळले. "हा तुझा दोस्त ना? तुला माहीत होतं ह्यानं काय लिहिलंय ते?"

मला माहीत होतं. कविता मी कॅन्टीनमध्ये दोनदा ऐकली होती. पण मी म्हणलं, "मला काय माहीत. त्यालाच विचारा."

त्याला कुणी विचारलंच नाही. त्याचं नाव यादीतून खोडलं. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि पुढच्या सतरंजीवर जाऊन बसला. शेवटपर्यंत बसला. माझ्या कवितेला टाळ्यापण वाजवल्या. रात्री पाळीवर भेटला तेव्हा रोजच्यासारखा 'जय भीम' घातला. मी 'जय भीम' म्हणलं आणि मशीनकडं तोंड केलं.

पावसाळ्यात कल्याणला रद्दीच्या दुकानात एक मराठी बायबल दिसलं. वजनावर घेतलं. ती थुंकीची गोष्ट कुठं आहे ते शोधायचं होतं. शोधता शोधता सगळं पुस्तकच अंगावर आलं. पहिल्या पानावर उजेड, शेवटच्या पानावर उजेड. माझ्या प्रतीत बहुतेक ठिकाणी 'प्रकाश' छापलंय. माझी आई प्रकाश म्हणत नाही. ती म्हणते, "उजेड हाय का गं घरात?" म्हणून मीही उजेडच म्हणणार. पंडिता रमाबाईंना हीच खोच जाणवली असावी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. १९२२ साली त्या गेल्या. पुस्तक १९२४ साली निघालं.

आता पहिलं पान. देव पहिल्या दिवशी उजेड करतो. आणि सूर्य? सूर्य चौथ्या दिवशी. मी तीनदा वाचलं, छापायची चूक असेल म्हणून. चूक नाही. उजेड आधी, सूर्य मागून. शिवाय तिथं सूर्याला सूर्य आणि चंद्राला चंद्र म्हणायचंही टाळलंय. एक मोठा दिवा आणि एक लहान दिवा, एवढंच. पुढं वाचताना कळलं की त्या लोकांना बाबिलोनच्या राजानं पकडून नेलं होतं आणि बाबिलोनमध्ये सूर्यचंद्राची देवळं होती. अनेक अभ्यासक म्हणतात, हे पान त्या हद्दपारीच्या काळात किंवा त्याच्या आगेमागे लिहिलं गेलं. म्हणजे गुलाम माणूस मालकाच्या देवाकडं बघून सांगतोय, तुझा देव माझ्या लेखी टांगलेला दिवा आहे. आपल्याकडं राजे स्वतःला सूर्यवंशी म्हणवून घेत आले. उजेड जणू त्यांच्या बापजाद्याची इस्टेट. इथं उजेड सूर्याच्याही आधीचा. कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.

आणि एक. त्या पानावर आधी संध्याकाळ होते, मग सकाळ, तेव्हा एक दिवस भरतो. यहुदी लोकांचा दिवस अजूनही सूर्य मावळल्यावर लागतो. रात्रपाळीच्या माणसाला हे बरं वाटलं. आमचाही दिवस तेव्हाच लागतो.

दुसरं, मोशेचं. ही गोष्ट बाबासाहेबांना जवळची होती. १९४१ साली त्यांनी मोशेवर इंग्रजीत लेख लिहिला. मिसरचा राजा गुलामांना सोडत नाही, म्हणून देशावर एकामागून एक संकटं येतात. त्यातलं एक अंधाराचं. तीन दिवस असा अंधार की हाताला लागावा. कुणी जागचं हललं नाही. पण गुलामांच्या घरात उजेड होता. राजवाड्यात नाही, विटा थापणाऱ्यांच्या खोपटात. माझ्या लहानपणी लोडशेडिंग होतं तेव्हा ह्याच्या उलट व्हायचं. टेकडीवर आमच्या वस्तीत अंधार, आणि खाली सोसायट्यांच्या इन्व्हर्टरचा उजेड. आम्ही पोरं धारेला बसून तो बघायचो. बायबल वाचून मी एक गोष्ट शिकलो. उजेडाचं नाव कुणी काढलं की आधी विचारायचं, कुणाच्या घरात?

तिसरं, यशया नावाच्या संदेष्ट्याचं. लोक उपास धरतात, डोकं खाली घालतात, राख फासतात आणि कुरकुरतात की देव बघत नाही. संदेष्टा त्यांना फैलावर घेतो. उपासाच्या दिवशी तुम्ही मजुरांना पिळता. आधी जोखड मोडा, भुकेल्याला तुमच्या ताटातलं द्या, उघड्याला कपडा द्या, मग तुमचा उजेड पहाटेसारखा फुटेल. म्हणजे उजेड फुकट नाही आणि नवसाचाही नाही. त्याची किंमत दुसऱ्याच्या भाकरीत मोजायची. आमचा मास्तर म्हणतो तेच. रात्रभर काय केलंय ते उजाडल्यावर कळणार.

मग सापडली थुंकीची गोष्ट. योहानाच्या पुस्तकात नववा अध्याय. ती मी रात्री जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या ताक्यावर बसून वाचली.

जन्मापासून आंधळा एक भिकारी रस्त्यात बसलेला. येशूचे शिष्य विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं? दोस्तहो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. हजारो वर्षं आपल्याला हाच विचारला. मागच्या जन्मी काय केलंस म्हणून ह्या जातीत आलास? येशू सांगतो, ह्याचंही नाही, आईबापाचंही नाही. तिथं मी पुस्तक मिटलं आणि जरा वेळ बसून राहिलो. मात्र पुढं तो म्हणतो की देवाचं काम ह्याच्यात दिसावं म्हणून हे असं आहे. ते मला पटलं नाही. कुणाचं काम दिसावं म्हणून माणसानं जन्मभर आंधळं का राहावं? तिथंच तो असंही सांगतो की रात्र आली की कुणाला काम करता येत नाही. तो आमच्या खात्यात आलेला नव्हता.

मग तो थुंकीनं चिखल करतो, डोळ्यांना लावतो आणि सांगतो, तळ्यावर जाऊन धू. तळ्यावर! आपल्या माणसाला तळ्याचं नाव काढल्यावर २० मार्च १९२७ आठवणारच. आंधळा जातो, धुतो, बघत परत येतो.

खरी गोष्ट इथून पुढं आहे. दिवस शब्बाथाचा, सुट्टीचा. शास्त्री-परुशी चौकशी लावतात. येशूही त्यांच्यातलाच, यहुदीच. पण चिखल कालवणं हे काम झालं, नियम मोडला, असं त्यांचं म्हणणं. एक माणूस बघायला लागला ह्याचं त्यांना काही नाही. ते त्याच्या आईबापाला बोलावतात. हा तुमचा मुलगा का? मग आता ह्याला दिसतं कसं? सभास्थानातून बाहेर काढतील ह्या भीतीनं आईबाप सांगतात, मुलगा आमचा, पण दिसतं कसं ते आम्हाला माहीत नाही. तो मोठा आहे, त्यालाच विचारा.

त्यालाच विचारा.

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. हे वाक्य मी बोललो होतो. मंचामागं, चौदा एप्रिलला. वाटलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणीतरी माझं नाव न घेता मला लिहून ठेवलंय.

आईबाप गप्प बसले, पण पोरगा बसला नाही. तो त्यांच्या पंडितीत शिरत नाही, स्वतःच्या डोळ्यांचा दाखला देतो. वर त्यांनाच विचारतो, तुम्हालापण त्याचे शिष्य व्हायचंय का? मग जन्मापासून पापात बुडालेला तू आम्हाला काय शिकवणार, असं म्हणून ते त्याला हाकलून देतात. म्हणजे उजेड मिळाला म्हणून आरती नाही झाली. उजेड मिळाला म्हणून वाळीत टाकलं. आणि त्याला हाकलल्याचं येशूला कळतं तेव्हा तो त्याला शोधत येतो. मला शोधायलासुद्धा जायचं नव्हतं. तो रोज रात्री माझ्यापासून वीस पावलांवर ताके मोजत होता.

एवढं वाचल्यावर मला बायबलमधलं दिव्याचं ते बोलणं कळलं. दिवा लावून कुणी मापाखाली झाकत नाही, दिवठणीवर ठेवतो, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसतं. तिथलं माप म्हणजे धान्य मोजायचं माप. आपल्या आज्या-पणज्यांना माप काय असतं ते सांगायला नको. बलुत्याचं दाणं त्याच मापानं मिळायचं, तेही शीग न लावता. आपली सगळी हुशारी, सगळा आवाज, सगळं गाणं त्या मापाखाली कोंडलं होतं. आणि त्या चौदा एप्रिलला माप माझ्या हातात होतं. मी ते एका मांगाच्या पोराच्या दिव्यावर पालथं घातलं.

कुणी म्हणेल, त्यांचा उजेड त्यांना, आपला आपल्याला. पण आपला उजेड तरी कुठून कुठून आला ते बघा. बाबासाहेबांचे तीन गुरू. बुद्ध, कबीर, फुले. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांगाची पोर शिकली. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिनं देवालाच केला. तो छापला कुणी? १८५५ साली 'ज्ञानोदया'नं. अमेरिकन मिशनचं पत्र, १८४२ साली नगरला निघालेलं. आपली एक मुलगी पहिल्यांदा छापून बोलली ती त्या पानावर. आपण आज तिचं नाव मंचावर घेतो आणि ज्या पानावर ती बोलली त्या पानाच्या माणसाला मंचावरून उतरवतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझी शेड पुन्हा ट्यूबलाइटची ठरेल. ज्यांच्या पुस्तकात एवढा उजेड, त्यांच्या घरात जात गेली का? नाही गेली. दक्षिणेत कितीतरी ठिकाणी चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या होत्या, मेल्यावर पुरायच्या जागापण वेगळ्या. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना बाबासाहेबांनी हे तोंडावर ऐकवलं, आणि तुम्ही अन्यायाविरुद्ध लढायला उतरत नाही हेही ऐकवलं. मोठ्या घरातून आलेल्यांची चरित्रं झाली. नगरकडच्या महारा-मांगांनी चर्च भरली, त्यांची नावं कुठं नाहीत. वर सरकारचं माप आहेच. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंना धरली. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आपण बौद्ध आत आलो. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. चर्चमध्ये तो मांग, सरकारात तो ख्रिस्ती, आमच्या मंचावर तो प्रचारक. माणूस म्हणून त्याला कुठं बघायचं?

आणि अंधार. उजेड म्हणजे चांगलं, अंधार म्हणजे पाप, हे सगळ्या धर्मांनी सोपं करून टाकलं. त्यातून काळा माणूस वाईट, गोरा चांगला, हेही निघालं. पण बायबलमध्येच दुसरी गोष्ट आहे. मोशे देवाला भेटायला जातो तो दाट अंधारात, कारण देव तिथं आहे. लोक लांब उभे राहतात. हे वाचून मला आमच्या बॉयलरमागची जागा आठवली. तिथं बल्ब नाही. आम्ही आमचं खरं बोलणं तिथंच बोलतो.

मग मी ख्रिस्ती का होत नाही? कारण एका जागी वाट फुटते. येशूच्या गोष्टीत उजेड तोच आहे, त्याच्यामागं जायचं. बुद्ध अखेरच्या दिवसांत वैशालीजवळ आजारी पडला, तेव्हा आनंदाला त्यानं उलटं सांगितलं. माझ्यावर टेकू नका, आपला दिवा आपण व्हा. पालीत 'दीप' म्हणजे दिवा आणि बेटपण. पुरात पाय टेकायला बेट, रात्री बघायला दिवा. बाबासाहेबांनी लिहिलं की बुद्ध मोक्ष देणारा नाही, मार्ग दाखवणारा. मला हे पटतं. पण पटवून घेताना आपण काय केलं? बाबासाहेबांना सूर्य म्हणलं, आणि आपण सावलीत बसलो. कवितेत मीपण त्यांना शंभरदा सूर्य केलंय. सूर्य केला की आपल्याला तेल घालायची कटकट राहत नाही.

ह्या वर्षी ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी खाडा केला आणि ठाण्याला गेलो. मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. त्या रात्री कॅथॉलिक लोक चर्चमधले दिवे विझवतात. बाहेर आगटी पेटवतात. तिच्यावर एक मोठी मेणबत्ती लावून अंधारात आत नेतात, आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. मी दारात उभा होतो. शेजारच्या म्हातारीनं पिशवीतून एक मेणबत्ती काढून माझ्या हातात दिली आणि आपल्यावरून पेटवली. नाव विचारलं नाही. मी प्रार्थना केली नाही, मला येत नाही. पण हातावर मेण सांडत असताना एक कळलं. दिवा ज्याचा त्याचा, हे खरं. पेटायला मात्र शेजारी लागतो.

तिथून लोकल धरली ती सरळ त्या पोराच्या घरी. साडेअकरा वाजले असतील. दारावर नाताळची कागदी चांदणी अजून लटकत होती, उन्हानं रंग उडालेली. त्याची आई म्हणाली, "ये रं बाबा. पाळी न्हाई का आज? चा ठेवते." मी म्हणलं, "नको मावशी, बसतो जरा." तिनं ठेवलाच.

मी त्याला म्हणलं, "ती कविता दे. अंकात घ्यायचीय."

"मंडळ काय म्हणंल?"

"मी सांगीन मला माहीत होतं म्हणून. तेव्हापण माहीत होतं."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा दिली असती तर बारकी होती. आता वाढलीय. आईबापाचं एक कडवं घातलंय तिच्यात."

मला काय म्हणायचं ते सुचेना. म्हणलं, "माझं नाव घाल. खुशाल घाल."

"नाही," तो म्हणाला. "पुस्तकातपण त्यांचं नाव नाही."

त्याची कविता ह्याच अंकात माझ्या लेखाच्या पुढच्या पानावर आहे, त्याच्या पूर्ण नावानं. आधी ती वाचा, मग हा लेख विसरलात तरी चालेल. येत्या चौदा एप्रिलला ती मंचावर वाचायची असं मी मंडळाला कळवलंय. अजून हो आलेलं नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर ह्या वेळी त्याला विचारू नका, मला विचारा. मला माहीत आहे.

जय भीम.